उडत्या माळढोकाचें चित्र

गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या निसर्गमंडळानें एक ठराव केला. मंडळास स्वतःचें एक चिन्ह असावें; तें मुलांच्या खिशावरील तीन सेंटीमीटरांच्या बिल्ल्यावर शोभावें आणि शाळेच्या फाटकावरील आठ फूट रुंदीच्या फलकावरही रंगवितां यावें, असा तो ठराव होता. चिन्ह कोणतें असावें याविषयीं फारसा वाद झाला नाहीं. वैरागहून सोलापूरच्या रस्त्यानें जातांना नान्नज लागतें. तेथील माळढोक अभयारण्य ज्यानें आंत जाऊन पाहिलें नाहीं, त्यानें निदान त्याची पाटी तरी पाहिलेली असते. तेव्हां चिन्ह माळढोकाचें, आणि माळढोकही उडता, असें सर्वानुमतें ठरलें. चित्रकलेचे शिक्षक त्या दिवसांत रजेवर असल्यामुळें तें काम मजकडे आलें.

मी चित्रकार नव्हे. गणित व विज्ञान हे माझे विषय. परंतु संगणकावर ज्या पद्धतीनें असें चित्र काढितात, ती मुळांत गणिताचीच असल्यामुळें मीं तें काम आनंदानें पत्करलें. एका शनिवारीं दुपारीं तीन तास बसून चित्र पुरें केलें, छापलें आणि विज्ञानखोलीच्या दारावर डकविलें. मुलांनीं वाहवा केली. आठवड्याभरानें नववींतील एका मुलाचे आजोबा कांहीं कामानिमित्त शाळेंत आले. ह्या वृद्ध गृहस्थांची सारी हयात माळावर मेंढरें वळण्यांत गेलेली. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग मजकडे वळून म्हणाले, "मास्तर, डोकं माळढोकाचं हाय, पन पंख घारीचं. ह्यो पक्षी असा तरंगत न्हाई."

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. उडत्या माळढोकाचें चांगलें छायाचित्र मला लवकर सांपडलें नव्हतें. म्हणून घारीच्या छायाचित्रावरून पंख घेऊन त्यांस मीं माळढोकाची मान व डोकें जोडलें होतें. शाळेंतील एकाही मुलानें किंवा शिक्षकानें ही चूक ओळखली नाहीं, कारण आम्हांपैकीं कोणीही माळढोक उडतांना पाहिलेला नव्हता. ज्या माणसानें पाहिला होता त्याला ती क्षणांत दिसली. तेव्हां चित्र दारावरून काढलें आणि काम प्रारंभापासून पुन्हां हातीं घेतलें. तें कसें केलें, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम हें समजलें पाहिजे कीं, संगणकावरील चित्रें दोन जातींचीं असतात. एका जातीचें उदाहरण आपल्या घरांतच आहे. सोलापुरी चादरीवरील मोर किंवा फूल जवळून पाहा. त्या मोराची पाठ लांबून गोल दिसत असली तरी जवळून ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. त्याचें कारण असें कीं, ती नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढावी लागते, आणि त्या चौकोनांप्रमाणें पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोंकें पाडून त्या पट्ट्या जॅकार्ड मागावर चढवितात. भोंक असेल तेथें ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तेथें खालींच राहतो. मागास मोर ठाऊक नसतो. त्याला एकेका चौकोनाचें 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच ठाऊक असतें. मोबाईलनें काढलेलें छायाचित्र नेमकें असेंच असतें. आडवे चार हजार आणि उभे तीन हजार असे एक कोटी वीस लाख बारीक चौकोन, आणि प्रत्येकाचा एक रंग. या चौकोनास 'पिक्सेल' असें नांव आहे.

अशा चित्राची अडचण तें मोठें करूं लागल्यावर कळते. आमच्या बिल्ल्याचाच हिशोब करूं. तीन सेंटीमीटरांत सुमारें तीनशेंसाठ चौकोन आडवे बसले, तर छपाई उत्तम होते. परंतु तेंच चित्र आठ फुटांच्या, म्हणजे दोनशें चव्वेचाळीस सेंटीमीटरांच्या फलकावर ताणलें, कीं प्रत्येक चौकोन जवळजवळ सात मिलिमीटरांचा होतो. मग पक्षी कसला! विटांची भिंत दिसूं लागते.

दुसऱ्या जातीच्या चित्रांत चौकोन नसतातच. त्यांत केवळ बिंदूंचीं स्थानें आणि ते बिंदु कोणत्या वळणानें जोडावयाचे याची आज्ञा एवढेंच सांठविलेलें असतें. अंगणांत ठिपक्यांची रांगोळी घालणारी बाई जशी आधीं ठिपके मांडते व मग त्यांतून वळणें घेते, तसाच हा प्रकार होय. ठिपके बोटभर अंतरावर मांडा कीं हातभर अंतरावर, वळणाचा आकार तोच राहतो व रेघही तितकीच स्वच्छ उमटते. अशा चित्रास 'व्हेक्टर' चित्र म्हणतात. बिल्ला व फलक ह्या दोहोंसाठीं एकच चित्र पाहिजे असल्यामुळें आमचें चित्र या जातीचें असणें भाग होतें.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, 'वळण' संगणकाला कसें सांगावें? दोन बिंदूंमध्यें सरळ रेघ एकच निघते; परंतु वक्र रेघा अनंत निघतात. त्यांपैकीं कोणती, हें सांगण्याची युक्ति तुमच्या हातांतील पतंगांत आहे. पतंगाची आडवी कामटी वांकवून तिची कमान करितांना आपण काय करितों? दोन टोकें पक्कीं करितों आणि कामटीस एका बाजूस ओढ देतों. ओढ जास्त दिली तर कमान फुगते, कमी दिली तर पसरट राहते, आणि ओढीची दिशा बदलली कीं फुगवटा एका बाजूस कलतो. व्हेक्टर चित्रांतही प्रत्येक टोकाच्या बिंदूला ओढ देणारी एक अदृश्य दांडी जोडलेली असते. तिला 'हँडल' म्हणतात. हँडलाची दिशा म्हणजे रेघ त्या बिंदूपासून कोणीकडे निघावी हें. आणि हँडलाची लांबी म्हणजे त्या दिशेनें तिनें कोठवर आग्रह धरावा हें.

ज्यांना गणिताची गोडी आहे त्यांनीं आलेखकागद घेऊन पुढील कृति अवश्य करावी. चार बिंदु मांडा: पहिला (०, ०), दुसरा (०, ८०), तिसरा (४०, ८०) आणि चौथा (८०, ०). पहिला व चौथा हीं रेघेचीं टोकें. मधले दोन हे हँडलांचे शेवट. आतां लगतच्या जोड्यांचे मध्यबिंदु काढा. ते (०, ४०), (२०, ८०) आणि (६०, ४०) येतील. या तिघांच्या लगतच्या जोड्यांचे पुन्हां मध्यबिंदु काढा. (१०, ६०) व (४०, ६०) हे दोन मिळतील. त्या दोहोंचा मध्य (२५, ६०). हा शेवटचा बिंदु बरोबर आपल्या वक्र रेघेवर आहे. मध्याऐवजीं प्रत्येक वेळीं एक चतुर्थांश अंतर घेतलें, तर वक्रावरील दुसरा बिंदु मिळेल. तीन चतुर्थांश घेतलें तर आणखी एक. असे आठदहा बिंदु काढून हातानें जोडलें, कीं कागदावर पंखाच्या फुगवट्यासारखी एक सुरेख कमान उभी राहते. दोन टोकें आणि दोन ओढी एवढ्यांवरच ती उभी आहे.

ही कृति फ्रान्सांतील पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञानें १९५९ सालीं सित्रोएन या मोटारींच्या कारखान्यांत असतांना योजिली. मोटारीच्या पत्र्याचा गोलवा कारागिराच्या हातावर न सोडतां आंकड्यांत कसा लिहून ठेवावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. कारखान्यानें ती रीत गुप्त ठेविली. पुढें रेनो या दुसऱ्या कारखान्यांतील पिएर बेझिए यांनीं त्याच तऱ्हेची रीत स्वतंत्रपणें शोधून ती प्रसिद्ध केली, म्हणून जग तिला आज 'बेझिए वक्र' या नांवानें ओळखतें. शोध आधीं लागून नांव दुसऱ्याचें व्हावें, असें विज्ञानाच्या इतिहासांत अनेक वेळां झालें आहे. तरी आतां त्या मध्यबिंदूंच्या कृतीला 'कास्तेल्जोची कृति' असें म्हणून लोक त्यांचें ऋण फेडतात.

मोटारींसाठीं निघालेली ही विद्या आपल्या डोळ्यांसमोर रोज असते. संगणकावर जुळविलेलें हें पानच घ्या. त्यावरील प्रत्येक अक्षर अशाच बिंदूंनीं व वळणांनीं घडलेलें आहे. 'क'ची गांठ किंवा 'ळ'ची दुहेरी वेटोळी वक्राशिवाय निघणें शक्य नाहीं. विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षें मराठी मजकूर ज्या 'मंगल' अक्षरांत दिसत आला, तीं अक्षरें र. कृ. जोशी (१९३६–२००८) या मराठी अक्षरकारांनीं घडविलीं होतीं. बोरूच्या वळणाचा ज्यांना मनस्वी लोभ, त्यांनीं तें वळण बिंदूंत बसविलें. म्हणून मी वर्गांत म्हणत असतों कीं, ज्याला एक 'श' नीट काढतां आला, त्याला पक्ष्याचा पंखही काढतां येईल.

साधनांविषयीं थोडक्यांत सांगतों. या कामासाठीं विकत मिळणारे कार्यक्रम पुष्कळ आहेत. १९८७ पासून निघालेला 'ॲडोबी इलस्ट्रेटर' हा त्यांत प्रसिद्ध. आम्हीं 'इंकस्केप' हा २००३ मध्यें निघालेला कार्यक्रम वापरला. तो विनामूल्य मिळतो, आणि शाळेच्या जुन्या संगणकावरही कुरकुर न करितां चालतो.

आतां माझ्या पहिल्या चित्रांतील दुसऱ्या एका चुकीची कबुली देतों. घारीचे पंख मीं स्वतः गिरविलेसुद्धां नव्हते. छायाचित्रावरून आपोआप रेघा काढून देणारी एक आज्ञा इंकस्केपमध्यें असते, ती मीं वापरली होती. तिनें एका क्षणांत पंख काढून दिले खरे, परंतु त्या आकारांत सहाशेंहून अधिक बिंदु होते. संगणकाला पंख कोणता व ढगाची कड कोणती हें कळत नाहीं. जेथें उजेड-अंधार बदलला तेथें तो बिंदु ठोकीत जातो. मागाहून पंखाचा बांक किंचित् बदलावा असें मनांत आलें, तर सहाशें बिंदूंपैकीं कोणता हालवावा? एक ओढला कीं तेथें टेंगूळ येई. माहितगार मनुष्य तोच पंख बाराचौदा बिंदूंत काढतो. कारण बिंदु कोठें पाहिजे हें त्याला ठाऊक असतें. आणि तें ठाऊक होण्यास पक्षी ठाऊक असावा लागतो.

म्हणून दुसऱ्या खेपेस संगणक बंद ठेवून आम्हीं पंखापासून आरंभ केला. आपला हात बाजूस पसरून पाहा. खांदा, कोपर, मनगट आणि बोटें, हींच हाडें पक्ष्याच्या पंखांत आहेत. मात्र कोपर पिसांखालीं अंगाशीं दडलेलें असतें. पंखाच्या पुढच्या कडेवर जो ठळक कोन दिसतो, त्यास मुलें कोपर समजतात. वास्तविक तें मनगट होय. मनगटाच्या पुढील हाताच्या भागास लांब, कणखर अशीं बहुधा दहाच्या आसपास पिसें असतात. पक्ष्यास पुढें रेटणारीं तीं हींच. कोपर ते मनगट या भागास दुसऱ्या रांगेंतील पिसें असतात, व तीं पक्ष्यास हवेंत तोलून धरितात. हें कळल्यावर बिंदु आपोआप सुचूं लागतात: एक खांद्याशीं, एक मनगटाशीं, एक टोंकाशीं, आणि मागच्या कडेवर जेथें दोन जातींचीं पिसें भेटतात तेथें एक. मनगटाच्या बिंदूचीं दोन हँडलें एका रेषेंत ठेवावयाचीं नाहींत, कारण तेथें रेघ मोडते. अशा बिंदूस 'कोनबिंदु' करावा. मागच्या कडेवर मात्र हँडलें एका रेषेंत ठेवून बिंदु 'गुळगुळीत' ठेवावा. पंखाच्या रेखाटनांतील निम्मी विद्या एवढ्यांत आली.

राहिला तो उड्डाणाचा प्रश्न. पंखांची हालचाल इतकी जलद होते कीं, मनुष्याच्या डोळ्याला ती सुटी करून दिसत नाहीं. १८८२ मध्यें फ्रेंच शास्त्रज्ञ एतियन-ज्यूल मारे यांनीं बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा केला. त्यांतून सेकंदाला बारा चित्रें निघत. गोळी नसलेली ही बंदूक उडत्या पक्ष्यांवर रोखून त्यांनीं पंखाच्या एका फेऱ्याचे टप्पे वेगळे करून दाखविले. पंख खालीं येतो तेव्हां तो पूर्ण पसरलेला असतो आणि टोंक पुढें झेंपावतें. वर जातांना मनगट आधीं उचललें जातें, पंख किंचित् आखडतो आणि टोंक मागें रेंगाळतें. आजच्या साध्या मोबाईलवरही चित्रफीत संथ करून हें पाहतां येतें. आमच्या मुलांनीं मैदानावरील पारव्यांच्या व बगळ्यांच्या अशा चित्रफिती घेऊन चार दिवस केवळ मनगट कोठें आहे एवढेंच पाहिलें.

माळढोकाचें उड्डाण घारीहून निराळें कां, याचा उलगडाही यांतच झाला. घार वजनानें हलकी. ऊन तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख स्थिर पसरून ती तासन्‌तास घिरट्या घालते. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील जड पक्ष्यांपैकीं एक. नराचें वजन पंधरा किलोपर्यंत भरतें. तो जमिनीपासून फार उंच न जातां, संथ व जोरकस पंख मारीत सरळ जातो. म्हणून त्याचे पंख आडव्या सरळ रेषेंत पसरलेले काढणें हें चूक. आम्हीं पंख खालीं येण्याच्या मध्यावरचा क्षण घेतला. जवळचा पंख रुंद, मनगटाशीं मोडलेला, आणि टोंकाचीं पिसें उघडलेल्या बोटांप्रमाणें सुटीं. दूरचा पंख शरीरामागून अर्धाच दिसणारा व आंखूड. दोन्ही पंख सारख्याच लांबीचे काढले तर पक्षी कागदावर चिकटविल्यासारखा दिसतो. दूरचा पंख आंखूड केला कीं तो कागदांतून सुटतो. मान पुढें सरळ ताणलेली ठेविली. बगळा उडतांना मान आखडून घेतो, माळढोक घेत नाहीं.

ह्या वेळीं माळढोकाचें छायाचित्र ज्यांनीं काढलें होतें, त्या गृहस्थांची पत्रानें परवानगी मागितली व त्यांनीं ती मोठ्या मनानें दिली. दुसऱ्याचें चित्र न विचारतां गिरविणें आणि दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेंत डोकावणें ह्यांत मला फरक दिसत नाहीं. छायाचित्र सर्वांत खालच्या थरावर ठेवून, फिकें करून, कुलूपबंद केलें, म्हणजे चुकून हालत नाहीं. त्याच्या वरच्या थरावर धड, त्यावर जवळचा पंख, आणि धडाच्या खालीं दूरचा पंख, असे निरनिराळे थर केले. 'पेन' या साधनानें बिंदु टाकीत व हँडल ओढीत धड काढलें; तें छातीशीं फुगीर व शेंपटीकडे निमुळतें.

पिसांची गंमत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. दहा पिसें दहा वेळां काढण्याची गरज नसते. एक पीस नीट काढावें, त्याच्या नऊ प्रती कराव्या, आणि प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीहून पांचसहा अंश फिरवावी, म्हणजे पंख्यासारखीं पिसें उघडतात. आठवींतील एका मुलीनें हें केलें, तों पिसांची भिंगरी झाली! कारण प्रत्येक आकार स्वतःच्या मध्याभोंवतीं फिरतो. फिरण्याचा केंद्रबिंदु ओढून तो मनगटावर नेऊन ठेवावा लागतो. खरें पीसही तेथूनच फिरत नाहीं काय? केंद्र हालवितांच पिसें जागच्या जागीं बसलीं. तरीही कांहीं खटकत होतें. सर्व पिसें तंतोतंत सारखीं असल्यामुळें पंख लोखंडी जाळीसारखा दिसत होता. तेव्हां त्याच मुलीनें एकेक पीस निवडून कोणाची लांबी, कोणाचा बांक थोडथोडा बदलला. ह्या शेवटच्या अर्ध्या तासांत पंख जिवंत झाला. चित्र संपलें तेव्हां सगळे मिळून एकसष्ट मूळ बिंदु भरले, प्रती वेगळ्या.

रंग सोपे वाटले होते, ते सर्वांत अवघड निघाले. माळढोकाचें डोकें वरून काळें, मान पांढरी, पाठ तपकिरी, पंखाच्या मधल्या भागांत काळ्यावर पांढरे ठिपके, आणि नराच्या छातीवर आडवा काळा पट्टा. पांढऱ्या कागदावर पांढरी मान कशी दिसावी? भोंवतीं काळी रेघ ओढली तर मानेस दोरी बांधल्यासारखें दिसूं लागलें. शेवटीं पक्ष्यामागें माळावरील संध्याकाळच्या आभाळाचा फिका पिंवळसर गोल ठेविला. मान आपोआप उठून दिसली. रेघेनें जें साधलें नाहीं तें पाठीमागच्या रंगानें साधलें.

डोळा कोठें काढावा यावरही चर्चा झाली. मुलांचा कल डोळा पुढें, चोंचीजवळ काढण्याकडे असतो, कारण त्यामुळें पक्षी आपल्याकडे पाहतोसा वाटतो. परंतु माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, आणि समोरचें त्यास फार अरुंद दिसतें. ही गोष्ट केवळ चित्रापुरती नाहीं. माळावरून गेलेल्या विजेच्या तारा त्यास वेळेवर दिसत नाहींत, आणि दिसल्या तरी एवढें जड शरीर ऐन वेळीं वळवितां येत नाहीं. त्यांवर आपटून पुष्कळ माळढोक मेले आहेत. राजस्थान व गुजराथेंतील अशा तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. २०२१ मध्यें न्यायालयानें त्या जमिनीखालून नेण्याविषयीं आदेश दिला, आणि तो अमलांत आणण्यांतील अडचणी पाहून २०२४ मध्यें त्यांत फेरबदल करून तज्ज्ञांची समिति नेमली. आम्हीं डोळा बाजूला, जेथें असतो तेथेंच ठेविला.

चित्र झाल्यावर तें 'एसव्हीजी' या पद्धतीनें जतन केलें. २००१ पासून ही पद्धति जगभर मान्य झालेली आहे. ही फाईल साध्या मजकुराच्या कार्यक्रमांत उघडून पाहण्यासारखी असते. तींत चित्र दिसत नाहीं, आज्ञा दिसतात: 'एम' म्हणजे लेखणी येथें ठेव, 'सी' म्हणजे पुढील तीन बिंदूंच्या आधारें वक्र ओढ, 'झेड' म्हणजे आकार बंद कर. आमच्या मुलांनीं वर दिलेले चार बिंदु तींत स्वतः लिहून पाहिले, तों कमान उलटी, वाटीसारखी निघाली! कारण आलेखकागदावर उभे आंकडे वर वाढतात, या फाईलींत ते खालीं वाढतात. वर्गांत त्या दिवशीं जो हंशा पिकला तो अजून आठवतो.

छापण्यापूर्वीं चित्र बिल्ल्याच्या आकाराचें करून पाहिलें. पंखावरील पांढरे ठिपके त्या आकारांत धूळ पडल्यासारखे दिसले. व्हेक्टर चित्र लहान करितां येतें याचा अर्थ त्यांतील प्रत्येक तपशील लहानपणीं टिकतो असा नव्हे. बिल्ल्यासाठीं एक वेगळी प्रत करून बावीस ठिपक्यांचे सात मोठे ठिपके केले, व पिसें दहाऐवजीं सहा ठेविलीं. फलकासाठीं मूळ चित्र तसेंच राहिलें. रंगाऱ्यानें त्याची बाह्यरेषा मोठ्या कागदावर छापून घेऊन फलकावर उतरविली, आणि एकही कड फुटली नाहीं.

फलक रंगवून फाटकावर चढविण्यापूर्वीं त्या आजोबांना मुद्दाम बोलाविलें. त्यांनीं काठी भिंतीस टेकविली, डोळ्यांवर हात धरला आणि पुष्कळ वेळ पाहिलें. पंखांविषयीं ते कांहीं बोलले नाहींत. केवळ मान हालविली. मग छातीवरील काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो नर." आणि थोडें थांबून, "पन एकलाच का काढला?"

ह्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें. १९७२ सालीं सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनीं नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधलें. १९७९ मध्यें सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें, आणि पुढें तें पुष्कळच लहान करण्यांत आलें. २०११ पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त गणला जातो. उरलेल्या दीडशेंच्या आसपास पक्ष्यांपैकीं बहुतेक राजस्थानांत आहेत. नान्नजला आतां क्वचित् एखादा दिसला तर वर्तमानपत्रांत बातमी येते. हें सर्व मी त्यांना सांगणार होतों. परंतु ज्यांनीं हे पक्षी मेंढरांच्या पलीकडे चरतांना पाहिले होते, त्यांना तें मीं काय सांगावें?

फलक आणखी आठ दिवस लांबणीवर टाकला. पिसांची भिंगरी करणाऱ्या मुलीनें नराची प्रत करून ती लहान केली, आणि मादी झाली असें समजून मजकडे आणिली. आजोबांच्या नातवानें घरीं विचारून येऊन सांगितलें कीं, एवढ्यानें भागणार नाहीं. मादीची मान नराइतकी पांढरी नसते, आणि छातीवरील पट्टा बारीक, तुटक असतो. मग मानेस राखट छटा दिली, पट्ट्याचे बिंदु एकेक करून काढून त्याचे तुकडे केले, आणि मनगटाचा बिंदु वर उचलून मादीचा पंख वर जाण्याच्या टप्प्यांत ठेविला, म्हणजे दोघे एकाच क्षणीं एकच चाल करीत नाहींत. आतां फाटकावरील फलकावर नर पुढें व मादी किंचित् मागें आणि खालीं अशीं दोघें आहेत. त्यांचीं तोंडें रस्त्याच्या सोलापूरकडील बाजूस, म्हणजे नान्नजच्या दिशेनें केलीं आहेत.